गोलापुढची मोकळी जागा

तिसऱ्या नंबरसाठीच्या सामन्याच्या दिवशी आमच्या दादानं पिकअप गाडी थेट मैदानाच्या कडेला आणून उभी केली आणि उतरल्या उतरल्या हुकूम सोडला, "उकडून आणल्यात. मीठ-मिरचीबी हाय. बोलव पोरींना."

मागच्या हौद्यात अंड्यांचे ट्रे एकावर एक रचलेले होते. तासगावच्या अलीकडे आमची पोल्ट्री होती. त्यामुळे आमच्या घरातलं माणूस कुठंही निघालं की बरोबर अंडी निघायची. लग्नाला अंडी, बाळंतिणीला अंडी, कुणाचं तेरावं झालं की चौदाव्याला अंडी. विद्यापीठातल्या माझ्या मैत्रिणी मला जयमाला म्हणून कमी आणि 'आमलेट' म्हणून जास्त ओळखायच्या.

"दादा, आत्ता सामना हाय," मी म्हणाले. "आत्ता कोण अंडी खाणार?"

"तुझं काय, नुसतं उभंच ऱ्हायचं हाय न्हवं? खा दोन."

हे काही खोटं नव्हतं. मी गोलकीपर होते.

खेळाचं नाव लॅक्रोस. लांब काठी, तिच्या टोकाला जाळीची झोळी, झोळीत टणक रबराचा चेंडू. तो झोळीतच झुलवत पळायचं आणि समोरच्यांच्या गोलात भिरकवायचा. आमचे जिमखान्याचे बिरनाळे सर कुठल्याशा शिबिराला म्हणून आठवडाभर गेले आणि येताना पोत्यात भरून काठ्या घेऊन आले. पहिल्या दिवशी त्यांनी त्या मैदानावर ओतल्या तेव्हा फिरदोस मुजावरनं विचारलं होतं, "सर, तळ्यावर मासे धरायला जायचंय का?" सरांनी तिला तिथल्या तिथं कॅप्टन करून टाकलं. तोंड चालतंय म्हणजे पायही चालत असतील, असा त्यांचा हिशेब असावा.

मी गेले ती खेळाच्या प्रेमानं नव्हे. मी संख्याशास्त्रात नापास झाले होते आणि पुन्हा होणार हे मला, वर्गाला आणि शिकवणाऱ्या बाईंनाही माहीत होतं. खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, आणि ज्या खेळाचं कुणी नावही ऐकलेलं नाही त्याच्या संघात कुणालाही घेतात, एवढं मला कळत होतं. सरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तू गोलात उभी राहा. निम्मा गोल तसाच बंद होतोय."

तर गोष्ट अशी होती: स्पर्धेत तिसरा नंबर आला तर गुण मिळणार होते, गुण मिळाले तर मी संख्याशास्त्रातून सुटणार होते. आणि नाही आला तर? दादानं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "या खेपेला ऱ्हायलीस तर बास झालं शिक्षण. पोल्ट्रीवर बस. कोंबड्यांना काय संख्याशास्त्र लागत न्हाई." तो दुष्ट होता असं कुणी समजू नये. वडील गेले तेव्हा मी फ्रॉक घालत होते आणि दादाला नुकती मिसरूड फुटली होती. तेव्हापासून तो माझ्यापुढं उभा होता. हॉटेलात माझ्यासाठी काय मागवायचं ते तोच सांगायचा. दुकानात माझ्या मापाची चप्पल तोच काढायला लावायचा. डॉक्टरांनी मला "काय होतंय?" विचारलं की उत्तर दादा द्यायचा. मला काय होतंय ते मला डॉक्टरकडं गेल्यावर दादाच्या तोंडून कळायचं. बहुतेक वेळा ते बरोबर असायचं, हीच तर पंचाईत होती.

मैदानावर दादाची जागा कावेरी मुळीकनं घेतली होती. कावेरी कबड्डीतली. उंचीनं बेताची, पण एकदा पाय रोवले की ट्रॅक्टर लावून काढावी लागेल अशी. बायकांच्या लॅक्रोसमध्ये अंगाला हात लावायचा नाही, धक्का द्यायचा नाही, हे सरांनी सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला होता.

"मग पकडायचं कसं?"

"पकडायचं नाही."

"मग खेळायचं कशाला?"

सरांनी पुढचा नियम सांगितला तेव्हा तर तिनं काठीच खाली ठेवली. समोरची नेम धरून गोलाकडं चेंडू मारायच्या बेतात असेल, तर तिच्या आणि गोलाच्या मध्ये नुसतं आडवं उभं राहायचं नाही. कुणाला तरी काठीच्या अंतरावरून अडवत असाल तर ठीक. पण नुसतं अंगावर घ्यायला म्हणून मध्ये उभं राहिलं की फाउल. या मोकळ्या पट्ट्याला शूटिंग स्पेस म्हणतात.

"थांबा थांबा," कावेरी म्हणाली. "म्हणजे मार मलाच बसणार आणि फाउल पण माझाच?"

"हो."

"कुठल्या शहाण्याचं डोकं हे?"

"हेल्मेट नाही तुझ्या डोक्यावर, कावेरी. चेंडू कपाळात बसला तर जागची उठायची नाहीस. म्हणून नियम आहे," सर म्हणाले.

नियम कळला, पण पायांना कळला नाही. कुणी नेम धरला की कावेरी आपसूक माझ्यापुढं. सरावाला पंच म्हणून सरच असायचे, आणि चेंडू अडला याचाच त्यांना आनंद, मग तो कशानं का अडेना. त्या अख्ख्या हंगामात माझ्यापर्यंत चेंडू असा क्वचितच आला. कावेरीच्या मांड्या मात्र काळ्यानिळ्या झाल्या होत्या. मी अंगावर पॅड, डोक्यावर हेल्मेट असा सगळा साज चढवून तिच्या मागं निवांत उभी राहायची. मला ते फार बरं वाटायचं.

सामन्याला पंच म्हणून पुण्याच्या थत्ते मॅडम आल्या होत्या. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी आणि चेहऱ्यावर असा भाव की, तुमच्या गावात नियम पोचले नसतील तर मी पोचवते. पाहुणा संघ कोकणातला. त्यांच्यात एक लांब वेणीची मुलगी होती, तिचा हात असा काही सुटायचा की चेंडू दिसायच्या आधी त्याचा आवाज यायचा.

दादा कडेला उभा राहून एक अंडं सोलत होता आणि तोंडानं मला खेळवत होता. "जयमाला, वाकून ऱ्हा! डावीकडं बघ! अगं, तुझं डावं न्हवं, माझं डावं!"

फिरदोसनं दोन वेळा सुरेख गोल केले. त्यांनीही केले. शेवटाला आलो तेव्हा बरोबरी होती. आणि नेमकी तेव्हा वेणीवालीनं नेम धरला, कावेरी आडवी आली, शिट्टी वाजली. या खेळात शिट्टी वाजली की जो जिथं असेल त्यानं तिथंच थांबायचं. आम्ही सगळ्या जागच्या जागी थिजलो. फिरदोसचा एक पाय तर हवेतच होता.

थत्ते मॅडम कावेरीपाशी आल्या. "शूटिंग स्पेस. मघाशी तुला एकदा सांगितलं होतं."

"मॅडम, गोल वाचवायचा नाही का मग?"

"गोल वाचवायला गोलकीपर आहे."

कावेरीनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात जे काही होतं, ते मला अजून आवडत नाही. मॅडमनी पिवळं कार्ड काढलं. म्हणजे कावेरी थोडा वेळ बाहेर, आणि वेणीवालीला मोकळा फटका.

"जाते गं," कावेरी म्हणाली.

"जाऊ नको."

"मला काय हौस आहे?"

ती गेली. मॅडमनी बाकीच्यांना हातानं बाजूला सारलं. तू इकडं, तू मागं, तू अजून मागं. आता वेणीवाली आणि माझ्यामध्ये फक्त गवत होतं. मी ते गवत बघत राहिले. माझ्यापुढं इतकी मोकळी जागा मी जन्मात बघितली नव्हती. नेहमी कुणाची तरी पाठ असायची. मला खरोखरची भीती वाटली. आता हेल्मेट काढावं, दादाच्या गाडीत जाऊन बसावं आणि सरळ पोल्ट्रीवर जावं. कोंबड्या निदान काही फेकून मारत नाहीत.

तेवढ्यात कडेनं आवाज आला. "ओ! मधी कुणीतरी उभं ऱ्हावा की! पोरीला एकटीला काय ठिवलंय?"

"दादा, नियम आहे तसा," बाहेर बसलेली कावेरी म्हणाली.

"कसला नियम? माझ्या बहिणीवर दगुड मारायचा, आणि बाकीच्यांनी गंमत बघायची? ह्यो नियम?"

आणि काय होतंय ते कुणाला कळायच्या आत आमचा दादा हातातलं अर्धं अंडं टाकून मैदानात घुसला. एक चप्पल वाटेत सुटली. तो तसाच आला, माझ्याकडं पाठ करून माझ्यापुढं उभा राहिला, दोन्ही हात पसरले आणि वेणीवालीला म्हणाला, "हां. मार आता. मार बघू."

ती पोरगी बिचारी पंचांकडं बघायला लागली. आमच्या पोरी हसत सुटल्या. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

शिट्टी वाजली. थत्ते मॅडम लांब ढांगा टाकत आल्या. "कोण आहेत हे?"

"प्रेक्षक," बिरनाळे सर घाईघाईनं म्हणाले. "आमचा काही संबंध नाही मॅडम."

"अंडीवाले आहेत," फिरदोस म्हणाली.

"कुणीही असोत. यांना आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. नाहीतर मी सामना इथंच थांबवून समोरच्या संघाला विजयी जाहीर करते."

सरांनी दादाचा दंड धरून ओढला. दादानं अर्धं आयुष्य कोंबडखाद्याची पोती उचलण्यात घालवलं होतं. सरच पुढं ओढले गेले.

"दादा," मी म्हणाले. हेल्मेटच्या आतल्या आत ते विरून गेलं. मग मी हेल्मेट काढलं. "दादा, बाजूला हो."

"तू गप. मागं सर तू."

"दादा, बाजूला हो म्हणते मी."

"अगं दगडागत हाय त्यो बॉल. मघाशी हातात घिऊन बघितलाय मी."

"मला माहीत हाय."

"आणि लागला म्हंजे?"

"लागला तर मला लागंल."

"म्हणूनच उभा हाय न्हवं मी?"

तो खरंच त्यासाठीच उभा होता. त्याच्या शर्टाला पाठीवर घामाचा ओला डाग पडला होता. वडील गेल्यापासून मी ही पाठ बघत आले होते. तिच्यामागं कधी ऊन लागलं नव्हतं. माझं त्याच्यावर जीव तोडून प्रेम होतं, त्या क्षणी तर फारच होतं, आणि त्याच क्षणी त्याला काठीनं ढकलून द्यावं असंही वाटत होतं. थत्ते मॅडम घड्याळाकडं बघत होत्या.

"दादा, ऐक," मी म्हणाले. "तू मधी उभा ऱ्हायलास की शिक्षा मला होती. तुला न्हाई. मला."

त्याचे पसरलेले हात खाली आले. इतका वेळ तो वेणीवालीवर नजर रोखून होता. आता तो वळला आणि माझ्याकडं बघितलं.

"असा नियम हाय?"

"हाय."

"कवापासनं?"

"पहिल्यापासनं."

मघा फेकलेलं अंडं शोधावं तसा जमिनीकडं बघत उभा राहिला. मग सरांच्या हातातून दंड सोडवून घेतला आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी असा चालत कडेला गेला. त्याची दुसरी चप्पल गोलापुढंच पडली होती. थत्ते मॅडमनी तीही नियमाप्रमाणे एका काठीनं बाहेर सरकवली.

मी हेल्मेट चढवलं. मॅडमनी विचारलं, "रेडी?" मी मान हलवली. खरं तर मान आपोआपच हलत होती.

शिट्टी. वेणीवाली दोन पावलं पळाली, हात मागं गेला. मी डोळे मिटले नाहीत, हे मी आजही चारचौघांत सांगते. भीतीनं पापण्यासुद्धा हलेनात म्हणून ते उघडे राहिले, हे सांगत नाही. चेंडू आला तो सरळ माझ्या छातीवर. पॅडच्या आतून सणक गेली, श्वास कोंडला, आणि चेंडू टप्पकन माझ्या पायाशी पडला.

मी अडवला होता! मी, आमलेटनं!

मग जो काही गोंधळ झाला! फिरदोसनं येऊन माझ्या गळ्याला मिठी मारली. बाकीच्या माझ्या पाठीवर धपाधप मारायला लागल्या. कावेरी शिक्षा विसरून बाहेरून धावत आली आणि मला कमरेला धरून तिनं उचलायचा प्रयत्न केला. सर टोपी उडवत होते. दादा कडेला ओरडत होता, "अडावला! अडावला माझ्या बहिणीनं!"

आमची चूक एकच होती. सरावाला चेंडू अडला की बिरनाळे सर लगेच शिट्टी फुंकायचे, कारण त्यांना दर वेळी कुणाला ना कुणाला काहीतरी समजावून सांगायचं असायचं. आमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की चेंडू अडला म्हणजे खेळ थांबला. थत्ते मॅडमनी शिट्टी वाजवली नव्हती. त्यांना कुणाला काही समजावायचं नव्हतं.

वेणीवाली शांतपणे आली. आमच्या घोळक्याच्या कडेनं वाकली, पोळपाटावरून घरंगळलेली कणकेची गोळी उचलावी तसा तो चेंडू तिनं झोळीत उचलला आणि हलकेच आमच्या गोलात टाकला.

मग शिट्टी वाजली. पाठोपाठ सामना संपल्याचीही वाजली.

दादा पुन्हा मैदानात आला, पण या वेळी थत्ते मॅडमशी भांडायला. "तिनं अडावला न्हवता का? तुमी डोळ्यानं बघितलं न्हाई? अडावला न्हवता का तिनं?"

"अडवला होता," मॅडम म्हणाल्या. "उत्तम अडवला. नंतरचा मात्र गोल झाला."

यावर भांडण कसं चालू ठेवायचं ते दादाला कळेना. बिरनाळे सर गवतावर बसून मुकाट्यानं एक अंडं खात होते. पोरी रडत होत्या आणि रडता रडता अंडी सोलत होत्या. कावेरीनं रडून रडून चार खाल्ली. मी रडले नाही. छाती इतकी दुखत होती की रडायला लागणारा श्वास घेणं परवडत नव्हतं. तिसरा नंबर गेला, गुण गेले, संख्याशास्त्र गेलं. आता उरली होती पोल्ट्री. हरलो तर लगेच निघायचं, या दादाच्या सांगण्यावरून मी सकाळीच बॅग भरून ठेवली होती. ती गुपचूप आणून गाडीत टाकली, पुढं त्याच्या शेजारी बसले आणि दार ओढून घेतलं.

दादानं किल्ली लावली. गाडी सुरू केली. मग बंद केली. स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या काचेतून बघत राहिला.

"आता काय करायचं?" त्यानं विचारलं.

तो कुणाशी बोलतोय ते मला समजेना. मी मागच्या काचेतून वळून बघितलं. हौद्यात रिकामे ट्रे होते, माणूस कुणी नव्हतं.

"तुला इचारतोय," तो म्हणाला.

उत्तर तयारच नव्हतं. आमच्या घरात मला ते कधी लागलंच नव्हतं.

"पेपर देणार," मी म्हणाले. "परत."

"आणि परत ऱ्हायलीस तर?"

"परत देईन."

"आणि परत?"

"दादा, किती येळा इचारणार हाईस?"

त्यानं हनुवटी खाजवली. वाटलं, आता म्हणेल, गप बस, आणि गाडी सुरू करेल.

"मग गाडीत कशाला बसलीयास?" तो म्हणाला. "उतर की. अभ्यासाला लाग जा."

मी उतरले. बॅग ओढून खाली घेतली. ती जड होती, छातीत कळ आली, आणि तोंडातून "आई गं" बाहेर पडलं. दादा चटकन वाकला, त्यानं बॅगेकडं हात लांब केला. मग तो हात मध्येच थांबला आणि त्यानं हळूच मागं घेतला.

बॅग मीच उचलली.